हात आपले, नाव कोणाचे? ट्रेडमार्क, कोल्हापुरी चप्पल आणि आपल्या छोट्या धंद्यांचा इतिहास

जून २०२५ मध्ये इटलीतील मिलान शहरात प्राडा या बड्या फॅशन कंपनीने पुरुषांच्या कपड्यांचा शो केला. त्यात मॉडेलच्या पायात हुबेहूब कोल्हापुरी चप्पल होती. कंपनीने ना कोल्हापूरचे नाव घेतले, ना कारागिरांचे. लगेच महाराष्ट्रभर ओरड सुरू झाली. 'आमची कोल्हापुरी चोरली', 'महाराष्ट्राच्या अस्मितेवर घाला' अशी भाषा वर्तमानपत्रांतून आणि समाजमाध्यमांवर ऐकू आली. टीका वाढल्यावर कंपनीने महाराष्ट्र चेंबर ऑफ कॉमर्सला पत्र लिहून भारतीय पारंपरिक पादत्राणांवरून प्रेरणा घेतल्याचे मान्य केले.

या ओरडीत एक प्रश्न मात्र फार थोड्यांनी विचारला. 'आमची' म्हणजे नक्की कोणाची? कातडे कमावणारा ढोर समाज, चप्पल शिवणारा चर्मकार, वेणी घालणाऱ्या त्याच्या घरच्या बाया, यांना या अस्मितावाद्यांनी आजवर कधी 'आमचे' म्हटले होते काय? ज्या हातांना शिवायचे नाही, त्या हातांची चप्पल मात्र अभिमानाने पायात घालायची, हा या देशाचा जुना रिवाज आहे. प्राडाने केले ते चूकच होते. पण प्राडाच्या कितीतरी आधी इथल्या जातिव्यवस्थेने माल बनवणारा हात आणि मालावरचे नाव यांची फारकत करून ठेवली होती.

म्हणून ट्रेडमार्कचा प्रश्न हा फक्त वकिलांचा आणि व्यापाऱ्यांचा प्रश्न आहे असे आम्ही मानत नाही. बाजारात स्वतःच्या नावाने उभे राहण्याचा हक्क कोणाला होता आणि कोणाला नव्हता, याचा तो इतिहास आहे. आपल्या तरुणांनी तो समजून घेतला पाहिजे.

नाव हीच पहिली बंदी

मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात नावे कशी ठेवावीत याचा नियम आहे. ब्राह्मणाचे नाव मंगल असावे, क्षत्रियाचे बळ दाखवणारे, वैश्याचे धन दाखवणारे आणि शूद्राचे नाव तिरस्कार वाटेल असे असावे! म्हणजे ज्याने व्यापार करायचा त्याच्या नावातच धन, आणि ज्याने राबायचे त्याच्या नावातच तिरस्कार. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली जो ग्रंथ जाळला गेला, त्यात हा नियमही होता हे विसरू नका.

हा नियम पोथीत राहिला नाही, तो बाजारात उतरला. खुद्द बाबासाहेबांचे उदाहरण घ्या. कोलंबिया आणि लंडनला अर्थशास्त्र शिकून ते १९१७ मध्ये परत आले. बडोद्याला त्यांना जातीमुळे राहायला जागा मिळेना, म्हणून नोकरी सोडून मुंबईला यावे लागले. तिथे त्यांनी शेअर बाजारातील लोकांना सल्ला देणारी एक पेढी काढली. सुरुवातीला गिऱ्हाइके येत होती. पण सल्ला देणारा माणूस अस्पृश्य आहे हे कळले आणि गिऱ्हाइके यायची थांबली. सल्ला चुकीचा होता म्हणून कोणी गेले नाही. अर्थशास्त्रातला एवढा मोठा विद्वान, त्याच्या पेढीचे नाव बाजारात टिकू शकले नाही, कारण नावामागची जात कळली. व्यापारात ज्याला 'पत' म्हणतात ती जातीला मिळत होती, गुणाला नाही.

दुसरे उदाहरण कोल्हापूरचेच. गंगाराम कांबळे राजवाड्याच्या नोकरीत होते. पाण्याला शिवल्याच्या कारणावरून त्यांना बेदम मारहाण झाली. राजर्षी शाहू महाराजांनी मारणाऱ्यांना शिक्षा केली आणि गंगारामांना स्वतंत्र धंदा करण्यासाठी मदत केली. गंगारामांनी भाऊसिंगजी रोडवर चहाचे हॉटेल काढले. नाव ठेवले 'सत्यसुधारक'. हॉटेल स्वच्छ होते, चहा चांगला होता, पण सवर्ण गिऱ्हाईक पायरी चढेना. तेव्हा महाराज स्वतः गाडी थांबवून तिथला चहा घेऊ लागले आणि बरोबरच्या सरदार-अधिकाऱ्यांनाही घ्यायला लावू लागले.

हॉटेलचे नाव बघा. 'सत्यसुधारक' या नावात सत्यशोधक चळवळीचा आवाज ऐकू येतो. गंगारामांनी मालकाची जात लपवणारे नाव घेतले नाही. आपल्या माणसाने भर रस्त्यावर आपल्या विचाराची पाटी लावली, ही त्या काळी क्रांतीच होती. पण ती पाटी टिकवायला एका राजाला रोज चहा प्यावा लागला, हेही तितकेच खरे आहे. प्रत्येक गंगारामाला शाहू महाराज कुठून मिळणार? म्हणूनच हक्क कोणाच्या मेहेरबानीवर ठेवायचा नसतो, तो कायद्यात लिहून घ्यावा लागतो.

बाबासाहेबांनी तेच केले. संविधानाच्या कलम १५ मध्ये दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे आणि हॉटेले यांचा स्पष्ट उल्लेख आहे. संविधान सभेत बाबासाहेबांनी खुलासा केला होता की इथे 'दुकान' हा शब्द व्यापक अर्थाने, पैसे घेऊन सेवा देणारी कोणतीही जागा या अर्थाने घ्यायचा आहे. कलम १९ ने कोणताही व्यवसाय करण्याचा हक्क दिला. ज्याला पिढ्यान्‌पिढ्या एकच धंदा नेमून दिला होता, त्याच्यासाठी हे कलम म्हणजे बेडी तोडणेच होते.

'छाप' कोणाच्या हाती गेली?

आता दुसऱ्या बाजूला बघू. ज्या काळात आपल्या माणसाला नावाची पाटी लावणे मुश्कील होते, त्याच काळात भांडवलदार आपली नावे कायद्याने पक्की करत होते.

इंग्रजी अमलात मँचेस्टरच्या गिरण्यांचे कापड भारतात यायचे. त्यावर रंगीत चित्रांची लेबले असायची. देव, देवी, हत्ती, वाघ. गिऱ्हाइकाला वाचता येत नसले तरी चित्र ओळखता यायचे. आपल्या भाषेतला 'अमुक छाप' हा शब्दप्रयोग याच व्यवहारातला आहे. खोटी छाप मारणाऱ्याला शिक्षा व्हावी म्हणून १८८९ मध्ये मर्चंडाइज मार्क्स ॲक्ट आला. मात्र चिन्हाची नोंदणी करण्याची सोय भारतात १९४० च्या ट्रेड मार्क्स ॲक्टने झाली. त्याआधी व्यापारी आपल्या चिन्हाचे प्रतिज्ञापत्र निबंधकाकडे नोंदवून ठेवत आणि वेळ आली की कोर्टात धाव घेत. स्वातंत्र्यानंतर १९५८ चा कायदा आला. आजचा कायदा १९९९ चा आहे आणि तो १५ सप्टेंबर २००३ पासून लागू झाला.

या साऱ्या कायद्यांत जातीचा एक शब्दही नाही. पण ज्याच्याकडे लेखी कागद, वकील आणि पेढी होती त्यालाच त्यांचा फायदा घेता आला. चामड्याच्या धंद्यात पाहा. शिवणारा आपला माणूस. पण तो माल विकायचा व्यापाऱ्याला किंवा अडत्याला, बहुतेक वेळा बिलाशिवाय, उधारीवर आणि कच्च्या मालासाठी घेतलेल्या उचलीच्या बदल्यात. दुकानात गेल्यावर त्या मालावर शिक्का बसायचा दुकानदाराचा. गिऱ्हाईक म्हणायचे, 'अमक्या शेठची चप्पल टिकाऊ असते.' चप्पल कोणाच्या हाताने टिकाऊ झाली, हे कोणाला विचारावेसे वाटले नाही.

यालाच आम्ही नावाची चोरी म्हणतो. प्राडाने ती मिलानमध्ये एकदा केली. आपल्या पेठांत ती रोज होत होती आणि आजही होते.

कोल्हापुरीचे मालक कोण?

कोल्हापुरी हे एकच नाव नाही. कारागिरांनी आपल्या चपलेला आपली नावे दिली होती. कापशी गावची ती कापशी. कुठे पुकारी, कुठे कचकडी, कुठे पायताण. गावाचे नाव हीच मालाची खात्री होती. पुढे मोठ्या बाजारात हे सारे 'कोल्हापुरी' या एका नावाखाली गेले. ते नाव इतके चालले की कोणीही, कुठेही, रेक्झिनची किंवा प्लास्टिकची चप्पल बनवून तिला कोल्हापुरी म्हणू लागला.

या नावाला संरक्षण मिळावे म्हणून महाराष्ट्राचे संत रोहिदास चर्मोद्योग व चर्मकार विकास महामंडळ आणि कर्नाटकचे डॉ. बाबू जगजीवनराम चर्मोद्योग विकास महामंडळ यांनी मिळून अर्ज केला. २०१९ मध्ये कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन, म्हणजे जीआय मिळाले. महाराष्ट्रातील कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातील बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर अशा आठ जिल्ह्यांत बनलेल्या चपलेलाच आता कायद्याने कोल्हापुरी म्हणता येते.

हे चांगलेच झाले. पण जीआयचा नोंदणीकृत मालक कोण? दोन सरकारी महामंडळे. कारागीर मालक नाही. 'अधिकृत वापरकर्ता' म्हणून त्याने वेगळी नोंदणी करायची असते.

याचा अर्थ काय होतो तो प्राडा प्रकरणात दिसला. काही वकिलांनी कारागिरांच्या वतीने मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका केली. जुलै २०२५ मध्ये न्यायालयाने ती फेटाळली. न्यायालयाचे म्हणणे होते की तुम्ही या मानांकनाचे मालक नाही. मालक ही दोन महामंडळे आहेत आणि ती स्वतः न्यायालयात येऊ शकतात. कायद्याच्या दृष्टीने प्रश्न सरळ होता. ज्याचे नाव नोंदवहीत, त्याचाच आवाज कोर्टात.

महामंडळे कोर्टात गेली नाहीत, त्यांनी करार केला. डिसेंबर २०२५ मध्ये प्राडाने या दोन महामंडळांशी करार करून दोन हजार जोड भारतात बनवून घेण्याचे जाहीर केले. किंमत एका जोडाला सुमारे ८०० युरो. प्रशिक्षण आणि काम मिळणार असेल तर आम्ही त्याचे स्वागतच करू. पण प्रश्न विचारायचा की नाही? त्या चपलेवर नाव प्राडाचे असेल. ८०० युरोंपैकी चामड्याचे किती, शिलाईचे किती आणि त्या एका नावाचे किती? उत्तर सर्वांना माहीत आहे. सर्वांत जास्त पैसा नावाचा असतो. आणि नेमके तेच आपल्याकडे नाही.

जीआय आणि ट्रेडमार्क: फरक समजून घ्या

जीआय हे गावाचे, प्रदेशाचे, समूहाचे नाव आहे. ते कोणा एकाचे होऊ शकत नाही आणि होऊही नये. ट्रेडमार्क हे तुमच्या धंद्याचे नाव आहे. 'कोल्हापुरी' हे जीआय आहे. पण सुभाषनगरमधला एखादा कारागीर आपल्या चपलेवर जे स्वतःचे नाव आणि चिन्ह घालेल, तो त्याचा ट्रेडमार्क. जीआयमुळे नकली कोल्हापुरी रोखता येते. पण खऱ्या कोल्हापुरीतही 'ही अमक्याच्या हातची' हे गिऱ्हाइकाला ट्रेडमार्कच सांगतो. अडत्याला बाजूला सारून गिऱ्हाइकाने थेट कारागिराला शोधत यावे, असे वाटत असेल तर दुसरा मार्ग नाही.

हे अशक्य नाही. बेळगाव जिल्ह्यातील अथणी येथे चर्मकार समाजातील महिलांचे बचत गट पुढे आले आणि 'टोहोल्ड' या नावाखाली कारागिरांच्याच मालकीची संस्था उभी राहिली. त्यांची कोल्हापुरी परदेशात गेली. चंद्रभान प्रसाद यांनी २०१६ मध्ये मसाले आणि लोणची विकायला काढली आणि ब्रँडचे नावच ठेवले 'दलित फूड्स'. ज्यांच्या हातचे पाणी चालत नव्हते, त्यांच्या हातचे लोणचे त्यांच्याच नावाने! धारावीत सुधीर राजभर यांनी 'चमार स्टुडिओ' सुरू केला. जो शब्द शिवी म्हणून वापरला जातो, तोच त्यांनी पिशव्यांवर अभिमानाचे नाव म्हणून लावला.

यावर आपल्यातलेच काहीजण म्हणतील, 'हे नावाचे सोडा, आधी भांडवल द्या.' भांडवलाची मागणी बरोबरच आहे, ती आम्ही सोडलेली नाही. २०१५ च्या गोवंश हत्याबंदी कायद्यानंतर राज्यात बैलाचे कातडे मिळणे अवघड झाले, त्याचाही जाब विचारलाच पाहिजे. पण नाव हेही भांडवलच आहे. त्याला तारण लागत नाही, ते वापराने वाढते आणि मुलांना वारसाने देता येते. बनिया पिढ्यान्‌पिढ्या मुलाला काय देतो? दुकानाचा गाळा देतो, त्याहून जास्त 'फर्मचे नाव' देतो.

दुसरे काहीजण म्हणतील, 'आपले नाव दिसले की गिऱ्हाईक जाते.' ही भीती खोटी नाही. २०२४ मध्ये कांवड यात्रेच्या मार्गावरील खाद्य दुकानांना मालकांची नावे पाटीवर लावण्याचे फर्मान उत्तर प्रदेश आणि उत्तराखंडात निघाले होते. सर्वोच्च न्यायालयाने २२ जुलै २०२४ रोजी त्याला अंतरिम स्थगिती दिली. शंभर वर्षांपूर्वी बाबासाहेबांच्या पेढीचे जे झाले तेच पुन्हा घडवण्याचा हा सरकारी प्रयत्न होता. नाव जबरदस्तीने उघड करायला लावणे ही गुलामी आहे. स्वतःचे नाव स्वतः निवडून पाटीवर लावणे हे स्वातंत्र्य आहे. ट्रेडमार्क हे दुसऱ्या प्रकारचे नाव आहे. त्यात जात सांगायची की नाही, हे तुम्ही ठरवायचे असते.

कायदा छोट्याच्या बाजूनेही वळतो, पण कागद लागतो

नोंदणी नसेल तर सगळे संपले असे नाही. तमिळनाडूत तिरुनेलवेलीला 'इरुट्टुकडै हलवा' म्हणजे 'अंधाऱ्या दुकानाचा हलवा' प्रसिद्ध आहे. त्या नावाचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. २०१५ मध्ये न्यायालयाने स्पष्ट केले की आधीपासून प्रामाणिकपणे नाव वापरणाऱ्याचा हक्क हा नोंदणीपेक्षाही वरचढ असतो. १९९९ च्या कायद्याच्या कलम ३४ मध्ये हे संरक्षण आहे. उद्या एखादी मोठी कंपनी तुमच्या वीस वर्षांच्या नावाची नोंदणी करून तुम्हालाच नोटीस पाठवू लागली, तर घाबरून पाटी उतरवू नका.

पण 'आधीपासून वापरतो' हे सिद्ध करायला बिले, दुकानाचा परवाना, जाहिरात, बँकेचे व्यवहार लागतात. आणि आपल्या माणसाकडे नेमके तेच नसते! त्याचा माल बिलाशिवाय गेला, त्याची टपरी परवान्याशिवाय चालली, त्याचा हिशेब अडत्याच्या वहीत राहिला. जातीने ज्याला कागदापासून दूर ठेवले, त्याच्याकडे कायदा कागद मागतो. म्हणून आजपासून प्रत्येक बिल जपा, बिलावर आपल्या दुकानाचे नाव छापा आणि शक्य तितक्या लवकर नोंदणी करा.

नोंदणी फार अवघड नाही. मुख्य गोष्टी अशा:

१. धंदा सुरू करण्याआधीही अर्ज करता येतो. अर्ज ऑनलाइन होतो. एकटी व्यक्ती, स्टार्टअप किंवा लघु उद्योग असेल तर एका वर्गासाठी सरकारी फी ४,५०० रुपये आहे, इतरांना ९,००० रुपये. कोणी एजंट 'सरकारी फी'च्या नावाखाली वीस-पंचवीस हजार मागत असेल तर पावती मागा.

२. वस्तू आणि सेवांचे एकूण ४५ वर्ग आहेत. चप्पल-कपडे २५ व्या वर्गात, मसाले ३० व्या, हॉटेल ४३ व्या वर्गात येते. चुकीच्या वर्गातली नोंदणी कामाला येत नाही.

३. अर्जाआधी रजिस्ट्रीच्या संकेतस्थळावर तसेच नाव आधी कोणी घेतले आहे का ते शोधा. हा शोध फुकट आहे.

४. तपासणीत हरकत आली तर एका महिन्यात उत्तर द्यावे लागते. नंतर नाव जर्नलमध्ये छापले जाते आणि चार महिन्यांत कोणीही विरोध नोंदवू शकतो. उत्तर दिले नाही तर अर्ज बुडू शकतो.

५. नोंदणी दहा वर्षे टिकते, पुढे नूतनीकरण करता येते. नोंदणी होण्याआधी नावापुढे 'टीएम' लिहिता येते. वर्तुळातला 'आर' मात्र नोंदणी झाल्यावरच वापरायचा, नाहीतर तो गुन्हा ठरतो.

६. बचत गट किंवा कारागिरांची संस्था असेल तर 'सामूहिक चिन्ह' नोंदवता येते. ते संस्थेचे राहते आणि सर्व सभासद वापरू शकतात.

नाव निवडताना एक लक्षात ठेवा. आपण भक्तिभावाने दुकानाला तथागतांचे नाव देतो. पण भगवान बुद्धांचे नाव आणि प्रतिमा रजिस्ट्रीच्या निषिद्ध यादीत आहे. 'रामायण' हे नाव अगरबत्तीसाठी कोणा एकाला मिळणार नाही, असाही निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये दिला आहे. यात वाईट वाटण्यासारखे काही नाही. बुद्ध कोणा एका दुकानदाराच्या मालकीचे होऊच शकत नाहीत. 'जयभीम' हा तर साऱ्या समाजाचा श्वास आहे, तो कोणी आपल्या नावावर का करून घ्यावा? पाटीवर निळा रंग खुशाल लावा, भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो लावा. पण नोंदणीसाठी नाव असे निवडा की जे दुसऱ्या कोणाचे नाही.

आमच्या मागण्या

दोन्ही महामंडळांनी कोल्हापुरीच्या अधिकृत वापरकर्त्यांची नोंदणी वस्त्यांत शिबिरे घेऊन स्वतः करून द्यावी. प्राडाशी झालेल्या करारात कारागिराला एका जोडामागे किती मिळणार, हे जाहीर करावे. जीआयच्या मालकीत आणि निर्णयांत कारागिरांच्या संस्थांना स्थान द्यावे. अनुसूचित जातीच्या छोट्या उद्योजकांची ट्रेडमार्क फी शासनाने भरावी. आणि आपल्या समाजातल्या वकील तरुणांनी वर्षाला निदान पाच कारागिरांचे अर्ज फुकट भरून द्यावेत. ही शेवटची मागणी सरकारकडे नाही, आपल्याकडेच आहे.

बाबासाहेबांनी आपल्याला जी नवी ओळख दिली, ती केवळ विहारात आणि मोर्चात वापरण्यासाठी नाही. बाजारातही ती दिसली पाहिजे. आपल्या हाताने बनलेल्या वस्तूवर आपलेच नाव असले पाहिजे आणि त्या नावाची नोंद सरकारच्या वहीत असली पाहिजे. फार झाले दुसऱ्याच्या शिक्क्याखाली राबणे!

जयभीम!